रस्त्याची चाकं, शर्यतीची चाकं

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच समजा. कंबर धरली आहे, खरोखर वाकले तर तशीच राहीन.) मामींचा गुडघा कसा आहे? तुमची साखर तुमच्या म्हणण्याप्रमाणे ताब्यात आहे की मामींच्या म्हणण्याप्रमाणे? इथलं विचाराल तर तेच सांगायला बसले आहे. फक्त मध्येच शेवटचं पान उघडून नणंदेचं काय झालं ते बघू नका. मला तरी कुठे आधी बघायला मिळालं होतं?

तर रविवारी डोंगरातल्या बंद रस्त्यावर आमच्या क्लबची घड्याळाशी शर्यत होती आणि तुम्ही दिलेली गाडी घेऊन मी त्यात नाव घातलं होतं. चाकं कोणत्या कोनात लावायची यावरून घरात दोन तट पडले. सासऱ्यांचं (जन्म लेथवर गेला, भेंडीसुद्धा मापात चिरतात) म्हणणं असं की चाकं उभी हवीत आणि पुढून केसभर आत वळलेली. गाडी सरळ चालते, टायर टिकतात, माणसंही टिकतात. मला ते मिळमिळीत वाटत होतं. शर्यतीला चाकांचे माथे आत झुकलेले आणि पुढची टोकं किंचित बाहेर लागतात, मग वळणावर टायर नीट टेकतो आणि स्टिअरिंगला नुसता हात लावला की गाडी वळायला निघते. मात्र हीच गाडी साध्या रस्त्यावर खड्डा किंवा चर दिसला की तिकडे धावते आणि आपण तिला सारखं मागे ओढत बसायचं. शेवटी तह झाला. शनिवारी शर्यतीचं सेटिंग, सोमवारी पुन्हा रस्त्याचं, आणि मधल्या काळात नणंदेसाठी (नववा महिना, पण तारीख लांब होती) शेजाऱ्यांची गाडी सांगून ठेवायची.

सासरे चाकं दुकानात लावू देत नाहीत. त्यांचा विश्वास दोरीवर. वाळूच्या डब्यांत गज रोवून गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणायची आणि रिंगच्या पुढच्या नि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. सकाळी दोऱ्या बांधल्या, निवांत जेवलो, तासभर लवंडलो, मग चाकं लावली. काम इतकं फक्कड जमलं की सासरे मला चक्क "बरं" म्हणाले. (लग्न झाल्यापासून हे दुसरं.)

हात धुतो न धुतो तोच नणंदेला कळा सुरू झाल्या. शेजारी गाडी घेऊन बाहेरगावी, तुमचे जावई दौऱ्यावर, रुग्णवाहिकेवाला म्हणाला वाट बघा. वाट बघायला नणंद तयार नव्हती. राहिली आमची शर्यतीची गाडी.

फाटकाबाहेर पडले. गाडी चुळबुळ करणार हे धरून चालले होते, पण ही सरळ डावीकडेच ओढत होती. समोर जायचं तर स्टिअरिंग उजवीकडे पिळून धरावं लागत होतं. मोठा रस्ता ट्रकांनी खचवलेला. मागे नणंद ओरडत होती, सासूबाई तिला श्वास घे म्हणत स्वतः घ्यायला विसरत होत्या, आणि शेजारी सासऱ्यांचं "सरळ धर, सरळ धर" चाललं होतं. मी भडकून म्हटलं, "सरळच धरलंय बाबा, गाडी वाकडी आहे!" ते खिडकीतून वाकून पुढचं चाक बघायला लागले. त्याने मला जास्तच भीती वाटली. पुलावर ट्रकांनी पाडलेल्या चाकोरीत आमचं चाक घुसलं आणि गाडी कठड्याकडे निघाली. नणंदेने मागून माझा खांदा आवळला होता, तिची नखं रुतत होती. मी होता नव्हता तेवढा जोर लावून स्टिअरिंग ओढलं. गाडी परतली. तिथून दवाखान्यापर्यंत मी ती चालवली नाही, नुसती विनवत नेली.

मुलगी झाली, मामा. दोघी ठणठणीत आहेत. (हुश्श. आता पाणी प्या.)

सासरे मात्र नात बघायच्या आधी आवारात गुडघे टेकून चाक बघत होते. तेव्हा सासूबाईंच्या तोंडून उलगडा झाला. आम्ही जेवत असताना त्यांनी आयती ताणलेली दोरी बघून डाव्या बाजूला ओली चादर वाळत घातली, तिला टायरचं काळं लागू नये म्हणून पुढचा डबा जरा बाहेर सरकवला, आणि वाळल्यावर चादर काढून दोरी होती तशी घट्ट ताणून ठेवली. डबा तेवढा राहिला. म्हणजे डावं चाक आम्ही चादरीच्या सोयीने लावलं होतं. सासूबाई अजून म्हणतात, मी तर तुमची दोरी जपली.

मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. सासऱ्यांनी गाडी पुन्हा रस्त्याच्या सेटिंगवर आणली. दुकानात जाऊन, यंत्रावर.

ता. क. शर्यत पुढच्या महिन्यात परत आहे. नाव घातलेलं नाही. टायर झिजलेत असं सगळ्यांना सांगितलं आहे.

ता. क. खरं काम हे. गुरुवारी नणंद बाळाला घेऊन घरी येणार. वहिनीच्याच गाडीतून येईन, वहिनी होती म्हणून पोचले, असं ती दवाखानाभर सांगत सुटली आहे. काल मी गाडीत जाऊन बसले, किल्ली लावली, आणि पूल आठवला तशी माझ्याच्याने ती फिरवेना, उतरून घरात आले. हे कुणालाच ठाऊक नाही. मामा, तुम्ही बुधवारीच या. बाळ बघायला आलो म्हणा, आणि गुरुवारी सहज म्हटल्यासारखं म्हणा की आज गाडी मी चालवतो. मी दोनतीनदा नको म्हणेन. ऐकू नका.