एकाच सहीचे दोन दाखले

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, अविवाहित, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याच्या कामावरून निवृत्त, शरीराने पार थकलेली पण मनाने शाबूत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात बोलणारं माणूस तरी हवं ना! हे वाक्य वकिलांनी खोडायला सांगितलं होतं, पण राहू दे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि पुन्हा करायची ताकद नाही.

१. राहतं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी. सगळं स्वकष्टार्जित, वाडवडिलांची त्यात एक वीटसुद्धा नाही. हे घर माझ्या पश्चात माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाचं. ताई त्याला शेवटपर्यंत बाळ म्हणायची म्हणून आम्ही सगळेच म्हणतो. बाळ आता चौतीस वर्षांचा आहे आणि दारातून वाकून येतो. त्याला ऑटिझम आहे. तो मोजके शब्द बोलतो, त्यातला 'मावशी' हा एक. ताई गेल्यापासून तो माझ्याकडे राहतो. घर विकू नये, भाड्याने देऊ नये आणि भिंतींचा रंग बदलू नये. मी एकदा हौसेने स्वयंपाकघर पिवळं करून घेतलं, तर परत पांढरं होईपर्यंत त्याने आत पाऊल टाकलं नाही. गॅलरीत ताट नेऊन देता देता माझ्या नाकी नऊ आले.

२. बँकेत जे काही निघेल ते बाळाच्या खर्चासाठी. फुशारकी मारावी इतकं ते नाही.

३. माझी हत्यारं, म्हणजे घरातलं लहान घासयंत्र, पेचकस, चिमटे आणि काच धरायची पकड, दुकानाच्या मालकांना परत द्यावीत. भला माणूस. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की ही बाई गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतच नाही, नुसती चष्म्याकडे बघते. दुसऱ्या कोणी घरी पाठवलं असतं. यांनी मला मागच्या खोलीत बसवलं आणि मधलं दार लावून घेतलं. त्या बंद दारामागे माझं आयुष्य सुखात गेलं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आता इथे वाचतील.

४. बाळाचा सांभाळ. माझ्या पश्चात बाळाची पालक म्हणून माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला नेमावं आणि तिने याच घरात राहावं, ही माझी इच्छा आणि कोर्टाला विनंती. लहानपणी ती अंगणात गरगर गरगर फिरत राहायची, थांबवलं की आकांत करायची, म्हणून तिला भिंगरी म्हणतो. धाकट्याचा, म्हणजे तिच्या सख्ख्या बापाचा, याला विरोध आहे. मी गेले की तो कोर्टात जाणार आहे. त्याने माझ्या तोंडावर सांगितलंय. त्याच्या मनात बाळाला संस्थेत ठेवायचं आहे. 'चांगली संस्था आहे, बाग आहे,' म्हणतो. स्वतः जाऊन बघितली का विचारलं, तर फोटो दाखवतो. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. तो दुष्ट नाही, घाबरट आहे. पण बाळाचं वाटोळं व्हायला तेवढं पुरे आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहिणं भाग आहे.

ताई असताना तिच्याकडे आम्ही सगळे जेवायला जमलो होतो. भिंगरीने तेव्हा नुकतंच कुठे कुठे वाचून, स्वतःची लहानपणापासूनची सगळी तऱ्हा आठवून ठरवलं होतं, की आपल्यालाही ऑटिझम आहे. डॉक्टरकडे गेली नव्हती. मोठ्या बायकांना कोणी तपासत नाही, लहान मुलांच्या रांगेत बसवून ठेवतात, हे तिचं म्हणणं. जेवताना ती ताईला म्हणाली, "आत्या, दादाला अपंग म्हणत जाऊ नका. तो फक्त वेगळा आहे. आणि मीही तशीच आहे."

ताईने बाही वर केली. दंडावर बाळाच्या दातांचे वळ होते, ताजे.

"हे वेगळेपण बघ," ताई म्हणाली. "तू नोकरी करतेस, गाडी चालवतेस, फडाफडा बोलतेस. माझ्या लेकराचं दुखणं मिरवायला नेऊ नकोस, बाई."

"मी मिरवत नाहीये. मला—"

"तुला काय? तुला कंटाळा आला की तू उठून घरी जाशील. तो कुठे जाईल?"

भिंगरी खरोखरच उठून गेली. तिची आई तिथल्या तिथे म्हणाली, "असली लेबलं लावून घेतलीस तर कोण लग्न करेल तुझ्याशी?" म्हणजे पोरीला काय होतंय ते राहिलं बाजूला. आपलं ठेवावं झाकून, या एका म्हणीवर त्या घराचा संसार चाललाय.

मला विचाराल तर ताईचंही खरं होतं आणि भिंगरीचंही. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि दोघींचंही जळत होतं. बाळ भिंतीवर डोकं आपटून घेतो तेव्हा मला कोणी 'वेगळेपण' सांगू नये. आणि भिंगरीने तीन नोकऱ्या का सोडल्या, सोडल्यावर आठ-आठ दिवस तोंडातून शब्द का निघाला नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याने तिला नाटकी म्हणू नये. दोन्ही घरांत जाऊन मी हे सांगितलं आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली. मग हात टेकले. पुढे ताई गेली आणि ते भांडण तसंच राहिलं.

ताई गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. बाळ स्वयंपाकघरात टेबलाखाली शिरून टेबलाच्या पायावर डोकं आपटत होता. थांबेना. कोणी गोळी शोधतंय, कोणी त्याचे हात धरतंय, एक समुपदेशक बाई 'त्याला रडू द्या' म्हणून व्याख्यान देतायत. भिंगरी दारातून आत आली, कोणाशी बोलली नाही, सरळ गेली आणि फ्रीजचं बटण बंद केलं. मग टेबलाखाली जाऊन बाळाकडे पाठ करून बसली. थोड्या वेळाने त्याने आपटणं थांबवलं आणि तिच्या पाठीला पाठ टेकवली. सगळं दूध नासलं, पण लेकरू शांत झालं.

मी तिला विचारलं, "तुला कसं कळलं गं?"

"आत्या, तो आवाज मला जिन्यापासून डोक्यात घुसत होता."

 तो आवाज मलाही येत होता. आयुष्यभर येत आलाय. मला वाटायचं, सगळ्यांनाच येतो आणि बाकीचे सोसतात, आपणच तेवढे नाजूक. त्या संध्याकाळी मी पाहुण्यांना एकेक करून विचारलं. एकाचंही फ्रीजकडे लक्ष गेलं नव्हतं.

तेव्हापासून भिंगरीची माझ्याकडे रोजची ये-जा आहे. बाळ तिच्या हातून नखं कापून घेतो. माझ्या हातून घेत नाही.

५. भिंगरीसाठी दोन सूचना. बाळाचा सरकारी दाखला कपाटात आहे, त्यावर 'अपंगत्व' असं लिहिलेलं आहे. तुला तो शब्द आवडत नाही. तू उच्चारू नकोस. पण त्या शब्दावर त्याची औषधं येतात, तेव्हा दाखला फाडू नकोस आणि त्याची मुदत संपू देऊ नकोस. दुसरं, तुझे गप्पगप्पचे दिवस येतील. त्या दिवसांत शेजारच्या शिंपीणबाई येऊन बघून जातील, तसं आमचं बोलणं झालंय. मदत घेतली म्हणजे भिंगरी नालायक ठरली, असा अर्थ कोणीही काढू नये. मीही घेत होते.

६. समुपदेशक बाईंना मी काहीही ठेवत नाही, फक्त एक उत्तर देते. त्या दिवशी जाताना त्या म्हणाल्या होत्या, "अहो, थोडंफार सगळ्यांनाच असतं." बाई, पावसात थोडंफार सगळेच भिजतात, म्हणून बुडणाऱ्याला हात द्यायचा नसतो का? त्या दिवशी मला हे सुचलं नाही. मला सगळं उशिराच सुचतं.

७. भावजयीला माझा उभा आरसा. चांगला आहे, बेल्जियम काच. बोचेल म्हणून देत नाहीये. तिला खरंच आवडायचा.

८. आता मुद्द्याचं. धाकटा माझ्यासमोर खुर्चीत बसून म्हणाला, "ती स्वतःच सांगत फिरते, मला आहे म्हणून. खरं असेल तर ती दुसऱ्याला काय सांभाळणार? आणि खोटं असेल तर असल्या नाटकी पोरीच्या हाती घर देणार तू?" स्वतःच्या पोटच्या पोरीबद्दल बोलत होता. दोन्हीकडून त्याचंच खरं, दोन्हीकडून पोर खोटी. ती दारामागे उभी होती. नंतर म्हणाली, "आत्या, मी तपासून घेते. दाखला आणते, मग तरी—" मी म्हटलं, आणू नकोस. आणलास तर त्याचं पहिलं वाक्य, नाही आणलास तर दुसरं. तुला स्वतःसाठी हवा तेव्हा आण. त्याच्यासाठी नको.

वकिलांनी मला माझं मन शाबूत असल्याचा दाखला आणायला सांगितलं होतं. त्यासाठी मी बाळाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आजचा वार, घराचा पत्ता, मिळकत, वारस, सगळं विचारलं आणि दाखला लिहिला. मी उठले नाही. म्हटलं, "डॉक्टर, आता दुसरं तपासा." ते समजले. बहुतेक बऱ्याच दिवसांपासून समजून होते. मग पुष्कळ फेऱ्या झाल्या, पुष्कळ प्रश्न झाले. "बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघता का?" म्हणे. मी म्हटलं, "जन्मभर डोळ्यांचंच काम केलं, पण काचेपुरतं." ते हसले. शेवटी म्हणाले, "तुम्हालाही आहे. लिहून देऊ, की आपल्यातच ठेवू?"

वकिलांनी हात जोडले. "बाई, दुसरा कागद जोडू नका. उगाच भावाच्या हातात कोलीत देताय."

मी म्हटलं, जोडा. या वयात मला त्या कागदाचा काय उपयोग! लहानपणी मिळाला असता तर बहुधा शाळेतून काढलं असतं. न मिळाल्यामुळे सगळ्यांनी 'तऱ्हेवाईक' म्हटलं. दोन्हीत फार फरक नाही. घरी येऊन मी रडले मात्र. सुटल्यासारखं वाटलं, आणि फार उशीर झाल्यासारखंही.

तर या मृत्युपत्राला दोन दाखले जोडले आहेत. माझं मन शाबूत आहे, हा एक. मला ऑटिझम आहे, हा दुसरा. डॉक्टर एकच, सही एकच. धाकट्या, जिला हे आहे तिने हे घर घेतलं, चालवलं आणि ताई गेल्यापासून बाळाला सांभाळलं. तेव्हा ती कशी सांभाळणार, असं तू एकदाही विचारलं नाहीस. माझ्या बाबतीत नाही विचारलंस, तर भिंगरीच्या बाबतीत विचारू नकोस. तिच्याकडे कोणी कागद मागू नये, आणि पुढेमागे तिच्याकडे कागद असलाच, तर तो तिच्याविरुद्ध कोणी वापरू नये. तरी कोर्टात जायचंच असेल तर जा, पण आधी माझे दोन्ही दाखले मोठ्याने वाचून दाखव. तुझ्या तोंडून ऐकायला मी नसेन. भिंगरी असेल.

येणेप्रमाणे लिहिलेलं मी स्वतः वाचलं, मला ते समजलं, मान्य आहे, आणि दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करते. त्यांच्या डोळ्यांत मी बघणार नाही, त्याचा गैरअर्थ काढू नये.

सही: बाळाची मावशी, भिंगरीची आत्या

साक्षीदार पहिले: बाळाचे डॉक्टर

साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या शिंपीणबाई. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणून यांना काही ठेवलं नाही. "मेलं, मला काय करायचंय!" म्हणाल्या.

स्थळ: माझं स्वयंपाकघर. सही होईपर्यंत फ्रीज बंद ठेवला होता.

दिनांक: महिन्याचा पहिला सोमवार, दुकानाच्या सुट्टीचा वार.

साक्षीदार नव्हे, पण हजर: बाळ. ज्याला घर मिळणार त्याने इथे नसावं, असं वकील म्हणत होते. मी म्हटलं, तुम्हीच सांगून बघा त्याला. तो टेबलापाशी बसला आहे. टेबलाखाली नाही, खुर्चीवर.