पायथ्याच्या दोन विटा

प्रिय आई,

तू गेलीस त्याला दोन वर्षं झाली आणि मी तुला आज पहिल्यांदा लिहितेय. डॉक्टरांनी आराम सांगितलाय. ताई माझ्या स्वयंपाकघरात अगदी तुझ्यासारखी फोडणी घालतेय, आणि मी पुंडलिकनगरच्या या खोलीत पडल्या पडल्या तिच्यावर जळतेय. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

हो, मला दिवस गेलेत. तिसरा महिना सरत आलाय. गेल्या सोमवारी कपड्यावर डाग दिसला. लहानसाच, फिकट, पण मी तडक दवाखाना गाठला. सोनोग्राफीत बाळाचे ठोके नीट दिसले. प्लॅसेंटा, म्हणजे आपली वार, तेवढी खाली आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. "बहुतेकींची पुढं वर सरकते. पाचव्या महिन्यात पुन्हा बघू. जड उचलू नका, आणि रक्त वाढलं किंवा पोटात दुखलं तर लगेच या." मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन दर तासाला बाथरूममध्ये जाऊन बघत बसले. तू असतीस तर दाराबाहेर उभी राहिली असतीस ना?

ताईला चार दिवस कळवलं नाही. नवऱ्यालाही बजावलं. तूच सांगायचीस, तीन महिने कुणाजवळ बोलायचं नसतं. पण खरं सांगू? ते नुसतं निमित्त होतं. "आईनं माझ्या वेळी असं केलं होतं" हे मला तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

तिच्या वेळी! माझी बारावी होती गं. मला आणि बाबांना फर्दापूरला सोडून तू तिच्याकडे चिकलठाण्याला जाऊन बसलीस. पेपरच्या सकाळी मी पोळ्या करपवल्या आणि तशाच खाऊन गेले. एका रविवारी भेटायला आले, तर ताई पलंगावर आडवी, तू तिला डाळिंबाचे दाणे भरवतेयस, आणि पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन पायांखाली विटा. विचारलं तर म्हणालीस, "मुंग्या लई झाल्यात." मग उशाकडच्या पायांवर मुंग्या चढत नव्हत्या का? तेव्हा हे सुचलंच नाही. त्या डाळिंबाचा राग मात्र अकरा वर्षं जपला. तुझ्या तेराव्यालाही तो माझ्याजवळ होता. सांगायला लाज वाटते.

शेवटी नवऱ्यानंच ताईला फोन केला. तासाभरात ती रिक्षातून उतरली. हातात पिशवी, पिशवीत दोन विटा!

"माझ्याकडं मुंग्या नाहीत ताई," मी टोमणा मारला.

ती बघतच राहिली. "येडी का गं तू? मला डाग दिसत व्हता तवा. दोन महिने. आई रोज सकाळी मला विचारायची अन् मोरीत जाऊन रडायची. धाकटीला नाय सांगायचं म्हणली, तिचे पेपर बिघडतील."

आई! एका शब्दानं तरी बोलायचंस!

मी रडले, ती रडली, आणि डोळे पुसून, माझे पाय उंच राहावेत म्हणून, तिनं पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावल्याच. काल तपासणीत सांगितलं तर डॉक्टर हसल्या. विटांनी वार सरकत नाही, काढून टाका म्हणाल्या. ताईचं तोंड एवढंसं झालं. "मंग आईनं कशाला लावल्या व्हत्या?" डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मला मात्र कळलं. तुला काहीतरी करायचं होतं ना गं?

विटा आता गॅलरीत कुंडीखाली आहेत.

जळणं गेलं म्हणू का? नाही गेलं. ताई घाबरली तेव्हा तिच्याजवळ तू होतीस. मी घाबरले तर मला ताईवर भागवावं लागतंय. आत्ता तिनं डाळिंब सोलून वाटी माझ्या हातात दिली आणि निघाली. मी म्हटलं, "भरव की." "व्हय गं बाई," म्हणत ती माझ्या पायाशी बसली. दाणे गोड आहेत. अकरा वर्षांपूर्वीचेही असणार.

आज सकाळपासून डाग नाही. पुढचं मला माहीत नाही. पण शब्द देते. हे बाळ टिकलं आणि त्याच्या पाठीवर आणखी एक झालं, तर एकाचं दुखणं दुसऱ्यापासून मी कधीच लपवणार नाही. आणि नाही टिकलं, तर ताईला सगळ्यात आधी मीच सांगेन.

अजूनही थोडी जळणारी,
तुझी धाकटी
मीनल