लाविनियाची नजर

३ मार्च
फ्लोरेन्समधला पहिला दिवस, आणि किती छान गेला! सिएनाच्या संग्रहालयात अकरा वर्षं तळघरात बसून नोंदी लिहिल्या. आता गेराल्दींच्या लिलावघरात जुन्या शिल्पांची जाणकार म्हणून दारावर माझ्या नावाची पाटी आहे: ओर्सोला पेत्रुच्ची. टेबलाशेजारी खिडकी आहे. म्हातारे इप्पोलितो गेराल्दी स्वतः मला घ्यायला दारापर्यंत आले.

दुपारी सगळ्यांनी जेवायला नेलं. तिथं टेबलाच्या त्या टोकाला लाविनिया! आम्ही एकाच प्राध्यापकांच्या हाताखाली शिकलो. मी पहिली आले होते, ती दुसरी. ती इथं सहा वर्षं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गळ्यात पडून म्हणाली, "अगं, तू अजून तश्शीच दिसतेस!" तिचा कोट माझ्या दोन पगारांचा असेल.

९ मार्च
मुजेल्लोतल्या एका शेतघरातून भाजलेल्या मातीचा अर्धपुतळा आला. तरुण बाई, मान किंचित वळलेली, नजर तिरकी. दुसऱ्याच्या ताटात बघतात ना, तशी. हमाल बास्तियानोनं पेटी उघडली. मी भिंग आणि मोजपट्टी काढली, केसांची वळणं, पापण्यांच्या कडा वहीत टिपायला लागले. लाविनिया कॉफीचा कप घेऊन आली, एक चक्कर मारली आणि म्हणाली, हे पाचशे वर्षांपूर्वीचं, आणि शिष्याचं काम नाही, खुद्द गुरूच्या हातचं आहे. बस्स. कॉफीसुद्धा निवली नव्हती.

आमच्या धंद्यात शब्दाला किंमत असते. 'खुद्द गुरूचं' म्हटलं की आठ लाख युरो, 'त्याच्या कारखान्यातलं' म्हटलं की साठ हजार, 'त्या धाटणीचं' म्हटलं की कुणी वळूनही बघत नाही. वाईट एवढंच, की तिचं बरोबर होतं. तीन दिवस मोजमापं घेऊन मीही तिथंच पोचले असते.

१३ मार्च
गेराल्दी येईल त्याला सांगतात, लाविनियाची नजर म्हणजे दैवी देणगी. मला म्हणाले, "तू आपली भुकटी काढ आणि मिलानला पाठव. असली कामं तुझी चोख असतात." पुतळ्याच्या तळाला बारीक भोक पाडून भुकटी काढतात. तो भट्टीतून निघाल्याला किती वर्षं झाली, ते प्रयोगशाळेत तिच्यावरून कळतं.

पुतळा आतून पोकळ आहे, पाठीमागून उघडा. आत हात घातला. घडवणाऱ्याच्या बोटांचे ठसे मातीत तसेच राहिलेत. माझी बोटं त्यांत नेमकी बसली. कुणी हात हातात घ्यावा तसं वाटलं.

मग मी अंगणातल्या फुटक्या कुंडीचा तुकडा कुटला आणि ती भुकटी बाटलीत भरली. चिठ्ठीवर सही केली.

२४ मार्च
निकाल आला. पुतळा फार तर ऐंशी वर्षांपूर्वीचा. गेराल्दी लाविनियाला सगळ्यांदेखत बोलले, "आणि मी वर्तमानपत्रवाल्यांना सांगून बसलोय, बाई!" ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. मला हळूच म्हणाली, "मग मला काहीच दिसत नाही का गं, ओर्सोला?" मी तिला पाणी आणून दिलं. किती हलकं वाटलं ते लिहायची लाज वाटते. पण वाटलं.

उजव्या हाताला ओल्या मातीचा वास येतोय. साबणानं जात नाही.

२७ मार्च
मोबाइल माझा अंगठा ओळखत नाही. भिंगाखाली धरला. रेषाच नाहीत, सगळं गुळगुळीत.

पुतळ्याच्या आत दिवा धरून पाहिलं. ठसे ताजे आहेत. कडा ओल्या. लहानपणी विळीवर अंगठा कापला होता, तो व्रणसुद्धा उमटलाय. माझा.

३० मार्च
लाविनियानं स्वतःच्या खर्चानं दुसरी तपासणी मागितली. गेराल्दी लगेच हो म्हणाले. हरली तरी तीच लाडकी —

बास्तियानोनं विचारलं, सिन्योरा, बरं नाही का? हात असा पांढराफटक का?

१ एप्रिल
कोपर वाकत नाही. बोटावर टिचकी मारली. पोकळ आवाज आला.

सांगून टाकावं तिला. भुकटी मी बदलली म्हणावं. तिच्या दारापर्यंत गेले. आत ती गेराल्दींशी हसत बोलत होती — परत फिरले.

२ एप्रिल, सकाळी
दहाला ती भुकटी काढायला येणार. त्याआधी फोडायचा. हातोडी आणलीय. आडवा करायला हात आत घातला — आत सगळं ओलं — निघत नाही —

डाव्या हातानं लिहितेय. खोलीत स्वच्छ ऊन आहे. हाका मारल्या. कुणी —

२ एप्रिल, साडेदहा
बाहेर जिन्यावर बसलेय. सुटले.

ती आली. हात अडकलाय म्हटलं, तर लगेच कोट काढून टाकला. काळजीनं विचारत होती, दुखतंय का. मी म्हटलं, "तूही हात घाल ना, आतून ढकल जरा." घातला तिनं. माझा सुटला. तिचा अडकला.

मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

हाका मारतेय. माझं नाव घेऊन. बास्तियानोला बोलवायला हवं. बोलवीन — थोड्या वेळानं.

हाका थांबल्या.

उठावं म्हटलं — पाय पायरीवरून — गुडघ्याखाली काही कळत नाही. ओरडले. नाही, ओरडले नाही, ओठ —

आतून तिचा आवाज. हसतेय? "ओर्सोला, निघाला बघ हात! काहीसुद्धा झालं नाही!"

सुटला. तिचा सहज सुटला. तिचाच का सु