तुमची रायफल माझ्याकडे आहे

सर, तुम्ही गेलात हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा दुःख झालं नाही, राग आला. वाटलं, सुटला हा माणूस. डोंबिवलीच्या कंपनीत लॅबमध्ये उभी असताना, मुलाला झोपवताना, मी इतकी वर्षं तुमच्याशी मनात भांडत होते. एक एक वाक्य घासूनपुसून तयार ठेवलेलं. ते ऐकायला तुम्ही थांबला नाहीत. त्यालाही आता बराच काळ लोटला, पण राग काही शिळा झाला नाही, म्हणून आज लिहायला बसलेय. आधी एवढं सांगते की तुमची रायफल माझ्याकडे आहे. मी ती विकत घेतली. माझ्या आयुष्यातली ती पहिली बंदूक, आणि लग्नातले दागिने घेतानाही मला इतका आनंद झाला नव्हता.

तुम्हाला मी आठवणार नाही. ठाण्यातल्या शाळेच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये तुमचा क्लब चालायचा आणि कॉलेजच्या एनसीसीतून मी तिथे आलेले. विठ्ठलवाडीची मुलगी, दोन वेण्या, पायात भावाचे बूट. क्लबच्या ढिल्या एअर रायफलनेही माझा नेम बसायचा. एकदा टार्गेटचा कागद उजेडात धरून तुम्ही म्हणालात, "हात स्थिर आहे तुझा." ते वाक्य मी घरी जाईपर्यंत तोंडातल्या गोळीसारखं चघळलं. तुमची स्वतःची रायफल टेबलावर ठेवलेली असायची, परदेशी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर कोरलेली तुमच्या नावाची अक्षरं. स्पर्धेला ज्याला पाठवायचं त्यालाच ती मिळायची, आणि या वेळी ती मला मिळणार असं सगळे म्हणत होते.

निवडीच्या दिवशी तुम्ही पालकांना आत बोलावलंत. माझे बाबा खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. एरवी पाळी सुटली की मला घ्यायला यायचे, पण गेटबाहेरच थांबायचे. त्या दिवशी ते डेपोतच साबणाने हात धुऊन, धुतलेला शर्ट घालून आले. माझ्या मैत्रिणीचे वडील डॉक्टर होते. त्यांनी रायफल उचलली, खांद्याला लावून बघितली, तुम्ही हसत त्यांना साइट कशी बघायची ते दाखवलंत. ती खाली ठेवल्यावर बाबा पुढे झाले. "हीच का ती, साहेब?" म्हणाले, आणि बाळाला उचलावं तशी दोन्ही हातांनी उचलली.

तुम्ही ती त्यांच्या हातातून काढून घेतलीत. खिशातून पिवळं फडकं काढलंत आणि पुसायला लागलात. आधी नळी, मग दस्ता, मग जिथे बाबांची बोटं होती ती जागा, पुन्हा पुन्हा. बाबांचे हात स्वच्छ होते, सर. त्यांच्या हातांना साबणाचा वास येत होता. पुसता पुसता, मान वर न करता तुम्ही बोललात, "हा खेळ तुमच्या लोकांचा नाही हो. उगाच मुलीला नादाला लावू नका. कबड्डीत घाला, पोलीस भरतीत घाला, तिथे तुमचं बरं चालतं. सोमवारपासून हिला पाठवू नका." सगळे पालक ऐकत होते. डॉक्टर भिंतीवरचं घड्याळ बघत होते. आणि बाबा म्हणाले, "बरोबर आहे, साहेब."

तुमचं बोलणं मी एक वेळ गिळलं असतं. बाबांचं ते उत्तर मला गिळता आलं नाही, आणि ते तुम्ही त्यांच्या तोंडून वदवून घेतलंत. स्टेशनपर्यंत आम्ही दोघं चालत आलो. बाबा मध्येच म्हणाले, "भूक लागली का गं?" मी नाही म्हटलं. त्यावर आमच्या घरात परत कधी बोलणं झालं नाही. बंदूक मी त्यानंतर बरीच वर्षं हातात धरली नाही.

मग एक दिवस त्याच मैत्रिणीचा फोन आला. सर जाऊन बरीच वर्षं झाली, आता काकू मुलाकडे पुण्याला चालल्यात, रायफल विकायचीय, घेणारं कोणी माहीत आहे का. मी म्हटलं, मीच घेते. नौपाड्यातल्या तुमच्या घरी गेले, तर काकूंनी मला स्वयंपाकघरातच बसवलं, कारण बाहेरच्या खोलीत सामानाची खोकी रचलेली. तुमची रायफल ओट्याजवळ भिंतीला टेकून उभी होती, केरसुणीच्या शेजारी. ते बघून मला जे बरं वाटलं ते मी लपवणार नाही.

चहा ठेवता ठेवता काकूंनी विचारलं, "ह्यांच्याकडे शिकलात का तुम्ही?"

"थोडे दिवस."

"फार जीव होता ह्यांचा तिच्यावर. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मलासुद्धा नाही."

"काही जणांना द्यायचे," मी म्हटलं. "माझे वडील एसटीत मेकॅनिक होते. त्यांनी एकदा उचलली होती."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग गॅस बारीक केला आणि हळूच म्हणाल्या, "मग पुसली असेल ह्यांनी."

इतक्या वर्षांत तयार केलेली सगळी वाक्यं माझ्या घशात होती, पण समोर एक म्हातारी बाई चहा गाळत होती आणि तिला सगळं माहीत होतं. तिनेही तुमच्याबरोबर ते आयुष्यभर बघितलं असणार. भांडायचं कोणाशी? मी भाव केला नाही. निघताना त्या म्हणाल्या, "वडिलांना दाखवा."

खोपटहून कल्याणची बस धरली. मुद्दाम. रायफलची लांबलचक काळी पेटी मांडीवर आडवी घेऊन खिडकीशी बसले. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "काय ताई, गिटार?" मी म्हटलं, "बंदूक." तो हसला, त्याला खरं वाटलं नाही. सगळ्या रस्ताभर मी त्या पेटीवर हात ठेवून होते. हिशेबाने मी तेव्हा चाळिशीला आलेली बाई, पण अंगात ती दोन वेण्यांची पोरगीच बसलेली, आणि तिला कोणी ऊठ म्हणणार नव्हतं.

बाबा विठ्ठलवाडीच्या घरी टीव्हीसमोर होते. पेटी उघडली तसा त्यांनी टीव्ही बंद केला.

"हीच ना?"

म्हणजे ते विसरलेच नव्हते. मला वाटायचं, हे ओझं एकटी मीच वाहतेय.

"त्यांनी दिली?"

"ते गेले, बाबा. मी विकत आणली."

त्यांनी ती मांडीवर घेतली. हवा भरायची बाजूची दांडी मागेपुढे करून बघितली, म्हणाले, आतून सुकलीय, आणि उठून शिवणयंत्राच्या तेलाची बाटली घेऊन आले. इतकं मन लावून त्यांनी ते काम केलं की मला तिथे बसवेना. मग म्हणाले, "माणूस अगदीच वाईट नव्हता गं. शिकवायचा चांगला."

"वाईटच होता."

"असेल," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पॉलिश पेपर आणला आणि दस्त्यावरचं तुमचं नाव घासायला बसले. खोल कोरलेलं होतं, बोटं सोलली. बाबा म्हणाले, "राहू दे की, कशाला?" मी थांबले नाही. शेवटचं अक्षर गेलं तेव्हा मी त्या जागेवर फुंकर मारली आणि भुसा झाडूने गोळा करून बाहेर टाकला.

आता मी रविवारी विठ्ठलवाडीतल्या एका हॉलमध्ये तिथल्या मुलींना नेम धरायला शिकवते, छोटासा क्लबच काढलाय. फी घेत नाही, आडनाव विचारत नाही. तुमच्या क्लबने तुमच्या नावाने चषक सुरू केलाय. गेल्या वर्षी तो माझ्याकडच्या एका मुलीने जिंकला. तिचे वडील रिक्षा चालवतात. बक्षीस घेताना त्यांनाही स्टेजवर बोलावलं आणि तुमच्या मुलाने त्यांच्याशी हात मिळवला. मी पहिल्या रांगेत बसून त्याचे हात बघत होते. नंतर त्या मुलीच्या घरी जेवायला गेले, तर तुमच्या नावाचा चषक ओट्यावर, आणि तिच्या आईने त्यात चमचे ठेवलेले. मला इतकं हसू आलं की ती माउली घाबरली. म्हणाली, "काढू का, मॅडम?" मी म्हटलं, राहू द्या, छान दिसतायत.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. काकूंना पाठवावं असं एकदा वाटलं, पण त्यांना यातलं नवीन काय सांगणार. फाडणारही नाही, कपाटात राहील. फक्त एक गोष्ट आहे जी मी बाबांना सांगितली नाही, मुलींना तर नाहीच. तुम्ही उंच होतात, तुमचे हात लांब होते. तो दस्ता तुमच्या मापाचा आहे, माझ्या खांद्याला तो कधीच नीट बसला नाही. सगळ्यांसमोर मी सांगते की हिच्याइतकी चांगली रायफल दुसरी नाही, आणि हॉलमध्ये एकटी असले की आमच्या क्लबची साधी रायफल घेऊन नेम धरते. तुमच्या रायफलने माझे निम्मे छर्रे टार्गेटबाहेर जातात. तरी ती मी कुणाला विकणार नाही.