पोकळ टाइल आणि माझी दाढ

३ फेब्रुवारी

वाचनालयातून ग्रंथपाल बाईंचा फोन. या महिन्याच्या बैठकीला साडूची कादंबरी घेतली आहे. माझा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, दातांचा डॉक्टर आहे. दातांचा! त्याने भयकादंबरी लिहिली, ती छापून आली आणि लोक ती विकत घेतायत. यावरून आजच्या भयसाहित्याची अवस्था लक्षात यावी. नाव 'टाइलमागे'. हे कादंबरीचं नाव आहे की प्लंबरकडे केलेली तक्रार?

शेवटचा शब्द अर्थात माझा. आमच्या बैठकीची पद्धतच आहे. सगळ्यांचं बोलून झालं की त्या प्रकारातला जाणकार उभा राहतो आणि शेवटचा शब्द बोलतो. त्यानंतर कुणी तोंड उघडायचं नाही. फँटसी आणि हॉरर, दोन्हींचा शेवटचा शब्द गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. मी नोकरी करतो त्या टाइल्सच्या दुकानात मला कुणी काही विचारत नाही, घरी तर नाहीच. पण बैठकीत मी उभा राहिलो की लोक चहाचे कप खाली ठेवतात.

बाईंना म्हणालो, नात्यातला असला तरी गय करणार नाही. त्या म्हणाल्या, आधी वाचा तर खरं.

वाचायची गरज नाही. अनुभवी माणसाला मलपृष्ठ पुरतं.

उजवीकडची खालची दाढ किंचित ठणकते आहे. दुर्लक्ष करायचं ठरवलं.

५ फेब्रुवारी

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरवर बसून आजच्या फँटसी-हॉररबद्दलची माझी मतं मनाशी जुळवली. इथे टिपून ठेवतो.

एक. हल्लीचे ड्रॅगन फार समजूतदार झाले आहेत. नायिकेचं ऐकून घेतात. मागे एका ड्रॅगनने माफी मागितली. पुस्तक तिथेच मिटलं.

दोन. हल्लीची भुतं कुणाला घाबरवायला येत नाहीत. त्यांचं बालपण वाईट गेलेलं असतं, ते सांगायला येतात. तीनशे पानं ऐकून घ्यायचं आणि शेवटी भुताला बरं वाटतं. वाचकाचं काय?

तीन. प्रत्येक हॉररमध्ये मोबाइलची रेंज जाते. आमच्या दुकानाच्या गोडाऊनमध्येही जाते. कुणी मरत नाही.

चार. दातांच्या डॉक्टरांनी लिहू नये.

चौथं मत जरा वैयक्तिक वाटेल. ते तात्त्विक भाषेत मांडावं लागेल.

६ फेब्रुवारी

बायकोने साडूची कादंबरी आणली. विकत. घरात एवढा मोठा वाचक असताना मला न विचारता.

सोफ्यावर पाय वर घेऊन वाचत बसली. दुपारचा चहा मीच केला. साखर विसरलो होतो, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

ती माझ्या आवडीची पुस्तकं कधी वाचत नाही. मी मनात रचलेल्या राज्याबद्दल सांगायला लागलो की तिला कपडे वाळत घालायचे असतात. मला मत्सर वाटतोय असं नाही. निरीक्षण नोंदवतोय.

८ फेब्रुवारी

मोठा निर्णय. नुसतं झोडपून उपयोग नाही, उत्तर द्यायचं. माझी स्वतःची कादंबरी. सात खंड. बैठकीआधी पहिलं प्रकरण पूर्ण करायचं आणि शेवटच्या शब्दानंतर तिथेच वाचून दाखवायचं. साडूचा चेहरा बघण्यासारखा होईल.

तयारी जबरदस्त आहे. राज्याचा नकाशा तयार. राजघराण्याच्या वंशावळी तयार. चलन, हवामान, दोन भाषांचं व्याकरण. फक्त लिहायचं राहिलं आहे.

साडूने म्हणे कादंबरी दोन पेशंटच्या मधल्या वेळात लिहिली. मेहुणीच कौतुकाने सांगत असते. शिवाय प्रत्येक नवं प्रकरण तो खुर्चीतल्या पेशंटला ऐकवतो. अहो, तोंडात आरसा आणि चिमटा असताना कोण नको म्हणेल? याला लोकप्रियता म्हणत नाहीत.

दाढेला लवंगेचं तेल लावलं. मेहुणीचा फोन आला होता, दवाखान्यात येऊन जा म्हणाली. वेळ नाही म्हणून सांगितलं. त्या खुर्चीत मी आडवा होणार नाही.

११ फेब्रुवारी

पहिलं वाक्य लिहिलं. खोडलं. आधी नदीचं नाव बदलायला हवं.

नदीचं नाव बदललं. त्यामुळे तीन शहरांचीही बदलावी लागली. दिवस गेला.

१३ फेब्रुवारी

दुर्दैव.

गिऱ्हाइकांच्या बाथरूमचे लेआउट मी चौकटीच्या कागदावर काढतो. नकाशाही त्याच कागदावर काढला होता, कारण तो काउंटरवरच असतो. आज मिस्त्रीचा फोन आला. बाथरूमला सात दरवाजे कशाला, आणि 'काळी दलदल' लिहिलंय तिथे पाणी मुद्दाम तुंबवायचं का, असं विचारत होता. मी चुकीचा कागद पाठवला होता.

धावत गेलो. उशीर झाला होता. दरवाजे त्याने सोडून दिले होते, पण नदी डिझाइन समजून निळ्या टाइलची नागमोडी पट्टी भिंतभर फिरवली होती. माझ्या राज्याची मुख्य नदी आता एका अनोळखी कुटुंबाच्या गिझरखालून वाहते. मूळ नकाशा ओल्या सिमेंटच्या घमेल्याखाली सापडला. उत्तरेकडचं साम्राज्य वाचलं नाही.

गिऱ्हाइकाला पट्टी फार आवडली. मालक म्हणाले, असं आणखी काढत जा.

नकाशाशिवाय लिहिणं अशक्य. पहिलं प्रकरण पुढे ढकललं. यात माझा दोष नाही. आता सगळी मदार शेवटच्या शब्दावर.

१५ फेब्रुवारी

बायकोची 'टाइलमागे' वाचून झाली. एका बैठकीत नव्हे, पण इतके दिवस हातात दुसरं काही नव्हतं. तेव्हापासून ती आंघोळीला जाताना मला दाराबाहेर उभं करते. मी म्हणालो, हे हास्यास्पद आहे. ती म्हणाली, बोलत राहा, म्हणजे तुम्ही बाहेर आहात हे कळेल. मी माझ्या राज्याचा इतिहास सांगू लागलो. आतून आवाज आला, दुसरं काहीतरी सांगा.

मी तिला इतक्या वर्षांत एकदाही घाबरवू शकलो नाही. मला वाईट वाटलं. हे इथेच ठेवतो.

१६ फेब्रुवारी

सापडला! चोर सापडला!

केवळ पुरावा म्हणून पहिलं पान उघडलं. पहिल्या पानावर मिस्त्री नाण्याने टाइल ठोकून बघतो. एक टाइल पोकळ वाजते. मिस्त्री म्हणतो, मागे जागा राहिली आहे, कुणाला तरी श्वास घ्यायला.

हे वाक्य माझं आहे. तीन वर्षांपूर्वी साडूचं बाथरूम मीच करून दिलं होतं. काम संपल्यावर प्रत्येक टाइल नाण्याने ठोकायची असते, ही आमच्या धंद्यातली रीत. मागे सिमेंटचा मसाला नीट भरला नसेल तर टाइल पोकळ वाजते. एक वाजली. साडू शेजारी उभा होता. तेव्हा मी हे वाक्य म्हणालो होतो, गमतीत.

पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे म्हणे. बायको सांगते की ती टाइल बदलतात तर दुसऱ्या दिवशी शेजारची पोकळ वाजते, मग तिच्या शेजारची. पोकळी भिंतीतून सरकत सरकत पलंगाच्या उशाशी येते.

माझी पोकळी! आणि पुस्तकावर नाव त्याचं, फोटो त्याचा, दात दाखवून हसणारा.

आता शेवटचा शब्द पूर्ण बदलायचा. पुस्तक किती वाईट आहे हे सांगायचं नाही. पुस्तक उत्तम आहे आणि ते माझं आहे, असं सांगायचं. त्याचा मुखवटा सगळ्यांसमोर उतरवायचा.

१९ फेब्रुवारी

भाषण पाठ झालं. आरशासमोर म्हणून पाहिलं. "श्वास घ्यायला" या शब्दांवर थांबून साडूकडे बघायचं. एका गालाला किंचित सूज आहे. चेहऱ्याला त्याने भारदस्तपणा येतो.

बायको म्हणाली, डॉक्टरांना दाखवा. म्हणालो, बैठकीत दाखवतोच.

२२ फेब्रुवारी, सकाळ

आज बैठक. गाल आणखी सुजला आहे. तोंड एक बोट उघडतं. भाषणाला तेवढं पुरे.

२२ फेब्रुवारी, रात्र

पुरलं नाही.

जे झालं ते क्रमाने लिहितो. वाचनालय भरलं होतं. माझ्या बैठकांना इतकी माणसं कधी आली नव्हती. साडू पहिल्या रांगेत, मेहुणीने नवी साडी नेसलेली, बायको नेहमीप्रमाणे माझ्या मागच्या खुर्चीत. एकेक जण उठून कौतुक करत होता. कुणी घरातल्या भिंती ठोकून पाहिल्या होत्या. निवृत्त प्राध्यापक म्हणाले, ते आता हॉलमध्ये झोपतात. ऐकताना माझा जळफळाट होत होता आणि दाढेत घण पडत होते.

मग मी उभा राहिलो. तोंड उघडेना. घशातून जो आवाज आला तो कुठल्याच राज्याच्या भाषेत बसत नव्हता. खिशातून कागद काढून बाईंकडे दिला. त्यांनी तो प्रेमाने परत केला. शेवटचा शब्द तोंडानेच बोलायचा असतो, हा नियम. नियम मीच केला होता.

तेवढ्यात साडू उठला. म्हणाला, दादांना आज बोलता येत नाही, तर त्यांच्याबद्दल मीच बोलतो. या पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं मिस्त्रीचं वाक्य त्यांचं आहे. मी त्याच दिवशी त्यांच्या मागे लागलो होतो की दादा, यावर तुम्हीच लिहा. वर्षभर वाट पाहिली. दर भेटीला विचारायचो. दादा म्हणायचे, "डॉक्टर, भीती टाइलमध्ये नसते. भीतीला राज्य लागतं." शेवटी मीच लिहून काढलं.

लोक हसले. मग टाळ्या वाजवल्या, माझ्याकडे बघून. मला हात जोडावे लागले.

तो असं विचारायचा? मला आठवत नाही. म्हणजे विचारायचा, पण आग्रह म्हणावा असा नव्हता.

बाईंनी विचारलं, मग आज शेवटचा शब्द कुणाचा? कुणीतरी बायकोचं नाव सुचवलं. ती उठली. तिला चारचौघांत बोलता येत नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

"मी दर महिन्याला यांच्यासोबत येते," ती म्हणाली, "कारण अंधारात परत जाताना यांना सोबत लागते. आज पहिल्यांदा पुस्तकासाठी आले."

एवढंच. त्यानंतर कुणी बोलायचं नसतं. कप खाली ठेवलेले होते.

साडूने माझा गाल बघितला आणि बैठकीतून थेट दवाखान्यात नेलं. खुर्चीत आडवा केला, इंजेक्शन देऊन तोंड उघडायला लावलं. तोंडात आरसा, चिमटा, कापूस. मग म्हणाला, "दादा, जबडा सैल सोडा. दुसऱ्या कादंबरीची गोष्ट सांगतो, लक्ष तिकडे राहील."

दाढ निघाली. गोष्ट चांगली आहे. हलकट.

२४ फेब्रुवारी

ग्रंथपाल बाईंचा फोन. पुढच्या महिन्याचा शेवटचा शब्द बायकोकडे. मला विश्रांतीची गरज आहे असं त्यांचं मत. मीही तेच सुचवणार होतो.

बायको फँटसीची पुस्तकं घेऊन आली आहे. तिने मला विचारलं, ड्रॅगन माफी मागतो ते कुठलं? म्हटलं, ते वाईट आहे. म्हणाली, तेच हवंय.

२६ फेब्रुवारी

गाल उतरला. आता डोकं शांत ठेवून 'टाइलमागे' संपूर्ण वाचली. एका बैठकीत. हे आवडीचं लक्षण समजू नये. दोष शोधताना मध्ये थांबता येत नाही.

दोष सापडले. पान चाळीसवर मसाल्याचं प्रमाण चुकलं आहे. बाकीचे शोधतो आहे.

शेवट मात्र पटला नाही. पोकळी उशाशी येते, गोष्टीतली बाई नाण्याने भिंत ठोकते आणि आतून कुणीतरी तसंच ठोकून उत्तर देतं. टाइलशी दूरचाही संबंध नसलेल्या माणसाला यात भीती वाटेल. मी जाणकार आहे.

२७ फेब्रुवारी

सहज म्हणून आमचं बाथरूम नाण्याने ठोकून पाहिलं. आरशाशेजारची एक टाइल पहिल्यापासून पोकळ वाजते. मीच बसवली आहे, मला माहीत आहे.

आज ती भरीव वाजली. तिच्या शेजारची पोकळ वाजली.

म्हणजे इतकी वर्षं माझ्या लक्षात चुकीची टाइल होती. दुसरं काय असणार.

उत्तराची वाट पाहिली नाही. दुकानाला उशीर होत होता.

२८ फेब्रुवारी

उद्यापासून दात स्वयंपाकघरातल्या बेसिनवर घासायचे ठरवलं आहे. तिथे उजेड चांगला आहे.

आंघोळीचं मात्र तिथे जमण्यासारखं नाही. आज मी आत होतो तेव्हा बायको दाराबाहेर उभी होती. मी बोलावलं नव्हतं. तिला थोडा वेळ आहे का, एवढंच विचारलं होतं. मग म्हटलं, उभीच आहेस तर बोलत राहा.

तिने साडूची दुसरी कादंबरी सांगायला घेतली. मी म्हणालो, दुसरं काहीतरी सांग.