पुलाखालचा मासा

ता. ३ मार्च

प्रिय अहो,

सा. न. वि. वि.

एकतीस वर्षांत तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. मायना काय घालावा यातच दहा मिनिटं गेली. बोलताना 'अहो' ही हाक वाटते, कागदावर ते आडनाव वाटतं. असू दे, तुम्हाला कळलं म्हणजे झालं.

सुखरूप पोचले. टायपिंगची परीक्षा उद्यापासून. साठ यंत्रं आहेत, त्यातल्या अकरांचा 'र' अडकतो. पाच आठवडे, पाच शहरं आणि पर्यवेक्षक मी एकटी.

एक कबुली द्यायची आहे. डबा बसमध्येच राहिला. बाहेरचं खाणं म्हणजे पोटाशी वैर हे तुमचं वाक्य मला पाठ आहे, पण भूक लागली होती आणि स्टँडसमोरच पावाची भट्टी होती. मी आत गेले, पर्स मांडीवर घेऊन बसले आणि जाम घाबरले, कारण काय मागायचं तेच कळेना. भट्टीवाल्यानं न विचारताच एक पाव मोडून पुढे ठेवला. अहो, त्यातून वाफ निघत होती! वर लोणी, जाडं मीठ, टोमॅटोच्या चकत्या. लोणी मनगटापर्यंत ओघळलं, ते मी चाटलं. ओळखीचं कुणी नव्हतं. इतकी वर्षं मी सगळ्यांच्या मागून जेवते आहे, गरम म्हणजे काय तेच विसरले होते. दुसरा पाव मागून घेतला. तिसऱ्याचं सांगत नाही.

दूध तापत ठेवून पेपर वाचायला जाऊ नका. घरातला लोभही असाच मंद आचेवर राहू द्या.

तुमची,
मी

ता. ७ मार्च

अगं हीस,

अनेक आशीर्वाद. तुझे दि. ३ चे पत्र आज पावले. मजकुराची नोंद घेतली व खेद वाटला.

चौतीस वर्षं मी कचेरीच्या तळघरात जुन्या फायली सांभाळल्या. अनोळखी वस्तू उघडण्याआधी ती झटकावी, हे त्यातून शिकलो. तू सरळ तोंडातच घातलीस. पोट बिघडलं तर परक्या शहरात कोण बघणार?

दूध उतू गेलं. सध्या भात आणि ताक चालू आहे. मीठ कमी पडतं, पण तक्रार कुणाकडे करावी हे समजत नाही. दर गुरुवारी वाचनालयातल्या ज्येष्ठ मंडळात जायचं ठरवलं आहे. तिथे चहा मिळतो. बाकी सर्व क्षेम. तुझी माया कमी होऊ नये.

तुझा,
हा

ता. क. लोणी पांढरं होतं की पिवळं, ते लिहिलं नाहीस. केवळ माहितीसाठी.

ता. १२ मार्च

प्रिय अहो,

सा. न. वि. वि.

लोणी पिवळं होतं. माझं पोट उत्तम आहे.

हे दुसरं शहर बंदराचं. परीक्षेच्या खोलीपर्यंत मासळीचा वास येतो. मुली नाकाला रुमाल लावून टाइप करतात, म्हणजे एकाच हातानं. धक्क्यावर एक बाई पिंपाएवढ्या पातेल्यात माशाचं सूप करते, मिरी आणि लसणाचं. तिची अट अशी, की वाडगा ज्यानं त्यानं आणायचा. मी रिकाम्या हातानं रांगेत उभी. मागच्या हमालानं स्वतःचा वाडगा मला दिला आणि माझं होईपर्यंत उपाशी उभा राहिला. मी लाजेनं भराभर प्यायले, जीभ पोळली, आणि तरी पुन्हा मागितलं. त्यानं फक्त एकदा आभाळाकडे बघितलं.

तुम्हाला हसू येईल, पण मला आता कळायला लागलं आहे. इथला पाव त्या भट्टीवाल्याच्या पावापुढे काहीच नाही, असं मी सूपवालीला ऐकवलं. एक आठवडा बाहेर खाल्लं आणि बाई जाणकार झाल्या! ती म्हणाली, की मग तिकडेच जाऊन खा.

ताकात मीठ घालायचं असतं, ते आपोआप येत नाही. आठवण काढत असावे.

तुमची,
मी

ता. १६ मार्च

अगं हीस,

अनेक आशीर्वाद. पत्र पावले. दुसऱ्याच्या वाडग्यातून पिणे ही गोष्ट मला मुळीच पटलेली नाही.

तथापि पुढील बाबींचा खुलासा करावा. एक, सूप घट्ट होते की पातळ. दोन, माशाला काटे होते का. तीन, हमाल किती उंच होता. तिसऱ्या शहरात जे काही होईल ते सविस्तर, दोन्ही बाजूंनी आणि सुवाच्य लिहावे. बुधवारपर्यंत पोचेल असे टाकावे.

तू जे काही खातेस त्याची मला काळजी वाटते, म्हणून विचारतो. स्नेह ठेवावा.

तुझा,
हा

ता. २४ मार्च

सौ. वहिनींस,

सा. न. वि. वि.

आपला पत्ता परीक्षा मंडळाच्या कचेरीतून मिळवला, क्षमा असावी. मी निवृत्त दंतवैद्य असून वाचनालयातल्या ज्येष्ठ मंडळाचा सचिव आहे.

आपल्या यजमानांनी गेले तीन गुरुवार आम्हाला जी मेजवानी दिली, तिचे आभार आपल्यालाही मानावेत असं सर्वांना वाटलं. नोकरीतल्या दौऱ्यांवर त्यांनी किती शहरं पाहिली आणि काय काय खाल्लं! तो भट्टीतला पाव, ते बंदरावरचं सूप, आणि आता ती निखाऱ्यावरची अळंबी. आमच्यातल्या निम्म्यांना दात नाहीत, ते माझ्याच हातून गेले, पण ऐकताना सगळे चावत असतात. असा रसिक मनुष्य घरात असणं हे आपलं भाग्य.

मंडळावर आपलाही लोभ जडावा.

आपला नम्र,
सचिव

ता. २६ मार्च

अहो,

नमस्कार.

तुमच्या सचिवांचं पत्र आलं. तिसऱ्या शहरातून मी लिहिलेली अळंबीही त्यात होती. तुम्ही किती दौरे केलेत ते मला माहीत आहे. एकदा पाणी भरलं म्हणून तळघरातून पहिल्या मजल्यावर गेला होतात, तेवढाच.

जीभ माझी पोळली, लाज माझी गेली, हमाल माझ्यासाठी उपाशी राहिला, आणि टाळ्या तुम्हाला! शेजाऱ्याचं बघून लिहिणाऱ्या मुलांना मी खोलीबाहेर काढते. तुम्हाला घराबाहेर काढता येत नाही, कारण किल्ली तुमच्याकडे आहे.

यापुढे खाण्याचं एक अक्षर लिहिणार नाही. इथे हवा बरी आहे.

मी

ता. ३० मार्च

अगं,

आशीर्वाद लिहायची माझी लायकी नाही, तरी सवयीनं लिहितो.

चुकलो. पहिल्या गुरुवारी सगळे आपापलं सांगत होते. कुणी जहाजावर होतं, कुणी पूल बांधले होते. मला विचारलं तेव्हा माझ्या खिशात फक्त तुझं पत्र होतं. मी ते काढलं. पुढच्या खेपेपासून मात्र आधीच लाल पेन्सिल घेऊन बसायचो. तुझ्या 'गेले'चं 'गेलो' केलं, 'बसले'चं 'बसलो'. कुणाला संशय आला नाही. माणसं माझ्याकडे तोंड करून ऐकत होती गं. कचेरीत लोक फाईल मागायचे तेही कपाटाकडे बघून.

आता खरं संकट ऐक. तुझं हवेचं पत्र आलं आणि गुरुवार तोंडावर. मग मी स्वतःच रचलं. समोर मधाची बाटली होती, टोपलीत कांदे होते, एक पेअर होतं, आणि कॅलेंडरवर मासा. सांगितलं, की एका शहरात पुलाखाली एक बाई मधात कांदा परतते, त्यात पेअरच्या फोडी घालते आणि कागदात गुंडाळून भाजलेल्या माशावर ओतते. शहर कुठलं विचारलं, तेव्हा तोंडाला आलं ते नाव दिलं. ते तू शेवटच्या आठवड्यात जाणार आहेस ते आहे.

सचिवांनी बस ठरवली आहे. बावीस माणसं पाच तारखेला मासा खायला येत आहेत. पुढच्या सीटवर मी. कसलीतरी साथ आली आहे, पूल पडला आहे, असं तारेनं कळव. तुझ्या पाया पडतो.

तुझा,
हा

ता. २ एप्रिल

प्रिय अहो,

सा. न. वि. वि.

पूल धडधाकट आहे. त्याखाली सायकल दुरुस्तीवाला बसतो. माशाचं विचारलं तर त्यानं मला चाकात हवा हवी आहे का असं विचारलं.

तार करणार नाही. बावीस म्हाताऱ्यांसमोर तुमची फजिती झाली तर लोक मलाही तोंड दाखवू देणार नाहीत, असं आधी वाटलं. मग मध, कांदा आणि पेअर हे डोक्यातून जाईना. परीक्षा केंद्राच्या उपाहारगृहात एक बाई आहे, रुंद, तोंडाळ, हाताला चव असलेली. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, की असला पदार्थ सांगणाऱ्या माणसाचं डोकं तपासून घ्या. पण संध्याकाळी तिनंच मासा आणला.

पहिला मासा मांजरानं हुंगून सोडला. दुसऱ्यात मध जास्त झाला. आज तिसरा केला, मध निम्मा, वर व्हिनेगर आणि ठेचलेली मिरी. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. अहो, तुमच्या तोंडून काय निघून गेलं तुम्हाला कळलेलं नाही.

पाच तारखेला दुपारी सायकलवाल्याच्या शेजारी चूल आणि तीन बाकडी असतील. या. आणि बाईशी जुनी ओळख असल्यासारखं वागा. जपून या, तुमच्यावरचा राग अजून पुरता निवलेला नाही.

तुमची,
मी

ता. ६ एप्रिल

अहो,

नमस्कार.

उत्तरपत्रिकांसाठी मला आणखी आठवडा इथे काढायचा आहे, म्हणून हे लिहूनच सांगावं लागतंय.

बावीस माणसांनी कागद चाटून पुसून ठेवले. सायकलवाल्यानं हात धुऊन पंगतीत जागा मिळवली. सगळं तुमच्यासाठी जुळून आलं होतं. आणि त्या बाईनं कमरेवर हात ठेवून तुम्हाला विचारलं, की कसा झालाय, तर तुम्ही डोळे मिटून, मान हलवून सांगितलंत, की पूर्वीची चव राहिली नाही!

पूर्वीची! तिनं डाव उचलला होता. मी तिच्या पायावर पाय दिला म्हणून तुमचं कपाळ शाबूत आहे. ती आज माझ्याशी बोलली नाही आणि मला सूपही थंड दिलं. असं का म्हणालात, एवढं कळवा.

मी

ता. ९ एप्रिल

अगं हीस,

आशीर्वाद आणि नमस्कार दोन्ही.

का म्हणालो ते बसमध्ये सगळा वेळ शोधत होतो. चौथ्या घासाला मला तो मासा आवडला. इतका, की पुढचा घास मी मुद्दाम लहान घेतला. बाईनं विचारलं, बावीस माणसं बघत होती, आणि मला आवडल्यावर काय बोलायचं असतं तेच येईना. चौतीस वर्षं फायलींवर शेरे मारले. 'अपूर्ण', 'परत पाठवावे', 'पान गहाळ'. ताटावरही तेच मारत आलो. 'आवडले' असा शेरा कुठे मारल्याचं आठवत नाही.

बाईंना माझा नमस्कार सांग. मासा उत्तम होता. हे मी चार वेळा मोठ्यानं म्हणून पाहिलं, स्वयंपाकघरात, एकटाच. तू आलीस की तुझ्यासमोर म्हणेन. त्या दिवशी आधी तू जेवायला बस, मी वाढीन. फार अपेक्षा ठेवू नकोस, भात आणि ताकच आहे.

तुझा,
हा

ता. ११ एप्रिल

सौ. वहिनींस,

सा. न. वि. वि.

पुलाखाली आपली भेट झाली, पण मोकळं बोलता आलं नाही. एक गोष्ट आपल्या कानावर घालून ठेवतो. यजमानांना कळू देऊ नये ही विनंती.

आम्हाला पहिल्या गुरुवारपासून ठाऊक आहे. त्यांनी वाचलं, 'मी आत गेलो, पर्स मांडीवर घेऊन बसले आणि जाम घाबरले.' कुणी हसलं नाही. आम्ही सगळे म्हातारे आहोत, पर्स घेऊन बसलेल्या माणसाला सांभाळून घ्यायचं आम्हाला कळतं. पुढे ते पेन्सिलीच्या खुणा करून आणू लागले, तरी दर पानाला एखादी 'प्यायले', 'लाजले' निसटायचीच. खरं सांगायचं तर आम्ही त्याचीच वाट बघत असायचो. मी आपल्याला पत्र टाकलं तेही आपल्याला हे ठाऊक आहे का ते बघायला.

आणि मग माशाचा गुरुवार आला. वहिनी, त्या दिवशी एकही चूक नव्हती. 'मी गेलो, मी बसलो, मी जेवलो', सगळं पुल्लिंगी, सगळं सरळ, कागद न बघता. सभा संपल्यावर आम्ही आपसात म्हणालो, की हे एक तरी त्या माणसानं स्वतः जाऊन खाल्लेलं आहे. म्हणून बस केली. खऱ्या गोष्टीचा मान ठेवायला हवा होता. पूर्वीची चव राहिली नाही असं ते म्हणाले तेव्हा तर आमची खात्रीच पटली.

आपली पत्रं चालू राहावीत. जमल्यास जरा लांब लिहावीत आणि क्रियापदं भरपूर घालावीत. आमचा गुरुवार आपल्या हाती आहे.

आपला नम्र,
सचिव

ता. १४ एप्रिल

श्री. सचिव, डॉक्टरसाहेब यांस,

स. न. वि. वि.

पत्र मिळालं. त्यांना काही कळणार नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तीन शहरं आहेत, क्रियापदांचं बघते.

माशाबद्दल आपला तर्क अगदी बरोबर आहे. तो त्यांनी स्वतःच खाल्ला होता. आमच्या लग्नाच्या आधीची गोष्ट, त्यामुळे वर्ष मला सांगता येणार नाही. पण इतक्या वर्षांत तो मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला आहे, की त्यात मिरी किती होती तेही सांगू शकेन.

मंडळाची आमच्या घरावर अशीच मेहेरनजर राहू द्यावी.

आपली नम्र,
पर्यवेक्षक, टायपिंग परीक्षा