शाळेतून नाव काढू नका

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुम्हालाच लिहिते. मला लिहायला तुम्हीच शिकवलं, आणि पाचवीनंतर कोणी शिकवलं नाही. चुका असतील. असू देत.

सिल्वासाला येऊन माझं अर्धं आयुष्य गेलं. सामरवरणीत खोली आहे, राखोलीला धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला जाते. मुलगी अकरावीत आहे. परवा तिच्या मॅडमनी बोलावलं म्हणून सुट्टी टाकून गेले. मॅडम कोकणातल्या, माझ्याहून लहान. म्हणाल्या, "ताई, बसा." मी म्हटलं, "बसायला वेळ नाही, काय केलं तिने ते सांगा." त्या म्हणाल्या, "तिने काही केलं नाही." वर्गातल्या एका मुलाने सायकल स्टँडपाशी तिचा मोबाईल हिसकावला आणि कानाखाली मारली, कोणाला मेसेज करतेस म्हणून. दोघांचं कधीपासून चालू होतं, मला पत्ता नाही.

मी लगेच म्हटलं, "शाळेतून नाव काढा तिचं." आमच्याकडे हेच करतात. मुलाने काही केलं की मुलगी घरी बसते. मी पाचवीत असताना मागच्या बाकावरचा तो पोरगा माझी वेणी खिडकीच्या गजाला बांधायचा, ओरडले तर पाठीत बुक्की घालायचा. मी रडत तुमच्याकडे आले. तुम्ही वेणी सोडून परत घालून दिली, फार हळू हाताने, आणि म्हणालात, "त्याच्या वाटेला जाऊ नकोस. तू गप्प राहिलीस की तो आपोआप थांबेल." तो थांबला नाही. बापाच्या कानावर गेलं आणि माझीच शाळा थांबली. तुमच्या गालावर तेव्हा कधीकधी काळंनिळं दिसायचं. कानावरून पदर घेऊन तुम्ही फळ्यावर लिहायचात. तुमचे मालक घरी कसे आहेत ते आम्हा पोरींना ठाऊक होतं. तुम्हाला जे येत होतं तेच तुम्ही शिकवलंत. लग्नानंतर मी तेच केलं, अजून करते.

मॅडम नाव काढायला तयार नाहीत. "शिक्षा तिला कशाला? त्याच्या आईवडिलांना बोलावलंय. शाळा सुटल्यावर तो आमच्या सरांसोबत बसतो, बोलतो. नाव काढलं तर ती शिकेल काय, की मार खाल्ला की आपण निघून जायचं?" मग म्हणाल्या, शनिवारच्या तासाला त्यांनी सगळ्या वर्गाला विचारलं होतं, राग आला म्हणून घरातल्या माणसाने मारलं तर चालतं का. मुलं हसत होती. माझी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या घरात चालतं."

मुलगी बाजूलाच उभी, बुटांकडे बघत. मॅडम विचारतात, "ताई, खरं आहे का?"

मी म्हटलं, "हो."

मला वाटायचं हे कधी तोंडातून निघालं तर काहीतरी कोसळेल. काही झालं नाही. बाहेर पोरं पाण्याच्या नळावर भांडत होती. रडूही आलं नाही. मुलीला म्हटलं, "मी चालवून घेतलं. तू घेऊ नकोस."

ती म्हणाली, "मला काय सांगतेस मम्मी, पप्पांना सांग ना."

मॅडमनी तिला गप्प केलं नाही. मीही नाही.

मुलगी शाळेत जाते आहे. त्या मुलाचा नंबर तिने माझ्यासमोर ब्लॉक केला, मग जेवली नाही. घरात अजून काही बदललेलं नाही. मॅडमनी शनिवारी मलाही बोलावलंय, एक वकील बाई येणार आहेत म्हणे. मी येते म्हटलंय.

हा कागद कुठे पाठवायचा नाहीच. आणि खरं सांगायचं तर, तुम्ही असतात तर मॅडमना उत्तर देण्याआधी मी तुम्हालाच विचारायला आले असते, आणि तुम्ही जे म्हणाला असतात ते आजही मुकाट्याने ऐकलं असतं.